श्रेय ताटाचे, नाव पेल्याचे

वैद्यकीय व्यवसायातील माणसाने मद्याविषयी लिहायचे म्हटले की वाचकांच्या मनात दोन अपेक्षा उभ्या राहतात. एक तर तो व्यसनमुक्तीवर प्रवचन करील, नाही तर ‘थोडी घ्यायला हरकत नाही’ असा मिस्कील दिलासा देईल. या दोन्ही प्रकारांचे साहित्य मुबलक आहे आणि त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला एका विशिष्ट प्रश्नाविषयी लिहायचे आहे. रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हातात पडली की उठता उठता रुग्ण हळूच विचारतो, “डॉक्टरसाहेब, रेड वाइन मात्र हृदयाला चांगली असते ना?” विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, व्यापारी असतात, केळीचे बागायतदार असतात. प्रश्नाचा सूर उत्तर आधीच ठाऊक असल्याचा असतो. हवी असते ती फक्त डॉक्टरांची मोहोर. ही मोहोर आपण उमटवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मात्र त्याची कारणे नीट तपासली पाहिजेत, कारण ‘वाईट आहे म्हणून घेऊ नका’ हे उत्तर जितके सोपे, तितकेच निरुपयोगी आहे.

मद्याच्या बाबतीत आपल्या बुऱ्हाणपूरचा इतिहास फार बोलका आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खानदेशचा कारभार शाहजादा दानियालकडे सोपवला. १६०५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हा राजपुत्र याच शहरात अतिमद्यपानाने मरण पावला. बादशहाने त्याच्या पिण्यावर पहारे बसवले होते. तेव्हा सेवकांनी बंदुकीच्या नळीत अर्क भरून तो आत पोचवला, अशी हकीकत जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. दानियालचा थोरला भाऊ मुराद १५९९ मध्ये दक्षिणेतच याच व्यसनाला बळी पडला होता. जहांगीराचा मुलगा परवेझ १६२६ मध्ये बुऱ्हाणपुरातच गेला. त्याच्याही मृत्यूचे कारण मद्यच सांगितले जाते. या परवेझच्या दरबारात नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो आला होता. त्याने नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली. आत बोलावून निवांत भेट देण्याचे राजपुत्राने कबूल केले होते, परंतु त्या पेटीनेच त्याला इतके गुंगवले की ती भेट झालीच नाही. रोने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. राजवैद्य हाताशी असूनही एकाच घराण्यातील तिघे तरुण मद्याने संपले, हे आपण या गावच्या डॉक्टरांनी विसरू नये.

या इतिहासातील आणखी एक पाहुणा माझ्या विषयाच्या जवळचा आहे. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा तरुण १६५६ मध्ये सुरतेला उतरला आणि आग्र्याकडे जाताना बुऱ्हाणपूरवरून गेला. येथील तलम कापडाचे आणि फळफळावळीचे त्याने कौतुक केले आहे. पुढे हा गृहस्थ मिर्झाराजा जयसिंहाच्या तोफखान्यात होता. १६६५ मध्ये जयसिंहाच्या छावणीत त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली. त्यानंतर कोणतेही रीतसर शिक्षण न घेता तो हिंदुस्थानात वैद्य म्हणून नावारूपाला आला. म्हणजे वैद्यकी करणारा एक उत्तर इटालियन माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या गावाच्या रस्त्यांवरून गेला होता. त्याच्या मुलखातील एक वाइन अलीकडे माझ्या जेवणात आली, तेव्हा मला त्याची आठवण झाली.

या वाइनचे नाव मार्झेमिनो. बारोलो, क्यांटी ही नावे आता आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांतही दिसतात. मार्झेमिनो मात्र इटलीबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी आदिजे नदीचे खोरे आहे. त्यात रोव्हेरेतो नावाचे शहर आणि नदीपलीकडे इझेरा हे गाव आहे. तेथील उतारांवर ही काळसर निळी द्राक्षे होतात. पंधराव्या शतकात हा मुलूख काही काळ व्हेनिसच्या सत्तेखाली होता. मोझार्टच्या १७८७ सालच्या ‘डॉन जोव्हानी’ या संगीतिकेत नायक आपल्या अखेरच्या भोजनात हीच वाइन मागवतो. तेवढ्या एका उल्लेखावर तिचे जागतिक नाव टिकून आहे.

नातेवाइकांपैकी एकाने परदेशातून येताना ही बाटली आणली आणि एका रविवारी आम्ही चौघांनी ती जेवणासोबत उघडली. जेवण आपले नेहमीचेच होते: तुराट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा, पनीरचा एक कोरडा प्रकार आणि शेवटी मावा जिलेबी. वाइन थोडी थंड करून घेतली होती. तिचा रंग गडद जांभूळकडे झुकणारा, वास जांभळ्या फुलांचा आणि आलुबुखारचा, अंग हलके, आणि घोट गिळल्यावर मागे किंचित कडसर चव. भरताशी तिचे चांगले जमले. भाजलेल्या सालीचा धुरकट वास आणि वाइनचा कडसरपणा एकमेकांना पुढे आणत होते. पनीरबरोबर ती अधिकच मऊ लागली. शेवभाजीच्या तर्रीपुढे मात्र तिने हात टेकले, आणि ठेच्यानंतरचा घोट तर नुसताच जाळ झाला. मावा जिलेबीनंतर तीच वाइन आंबट आणि रिकामी लागली.

या अनुभवांमागे साधे शरीरशास्त्र आहे. लाल वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे, तुरट पडते. दुधाचे प्रथिन मध्ये आले तर टॅनिन त्याला धरते आणि तुरटपणा कमी होतो. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या संवेदी ग्राहकांना डिवचते, त्याच ग्राहकांना मद्यार्कही चेतवतो; त्यामुळे तिखटावर वाइन म्हणजे आगीत तेल. गोडानंतर जिभेची गोडीची पातळी चढलेली असते, म्हणून कोरडी वाइन आंबट भासते. हे ज्यांना ठाऊक आहे ते लोक वाइन भाकरीच्या घासागणिक, घोटाघोटाने आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवून घेतात. आमच्या जेवणात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० मिलिलिटर आले आणि तेवढे तासभर पुरले. उरलेली बाटली पुन्हा बूच लावून ठेवली गेली. तिची आठवण चव म्हणून राहिली आहे, आणि तेवढ्यासाठी ती जेवणात होती. आम्हा चौघांपैकी कोणाच्याही मनात तेव्हा हृदयाच्या आरोग्याचा विचार आला नाही.

मग वाइनच्या चवीची गोष्ट औषधाची गोष्ट कशी झाली? १९९१ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाने सांगितले की फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो. १९९२ मध्ये रेनो आणि दे लॉर्जेरिल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याची चर्चा केली आणि मद्याकडे, विशेषतः वाइनकडे, बोट दाखवले. ‘फ्रेंच विरोधाभास’ हा शब्द जगभर पसरला. लाल द्राक्षांच्या सालीतील रेझव्हेरॅट्रॉल हे द्रव्य नायक ठरले. त्यातील आकड्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही. एका लिटर लाल वाइनमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असते. प्रयोगांत माणसांना दिलेल्या मात्रा शेकडो मिलिग्रॅमच्या आहेत. लिटरमागे पाच मिलिग्रॅम धरले तरी ५०० मिलिग्रॅमसाठी शंभर लिटर वाइन लागेल. २०१४ मध्ये खुद्द इटलीतील क्यांटी परिसरातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांवरील ७८३ लोकांच्या लघवीतील रेझव्हेरॅट्रॉलचे अवशेष मोजून त्यांचा नऊ वर्षे मागोवा घेतला होता. ज्यांच्यात ते अधिक होते ते अधिक जगले नाहीत. हृदयविकार आणि कर्करोग यांतही फरक दिसला नाही.

तरीही ‘माफक पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात’ असे आकडे अनेक पाहण्यांत आले, हे मान्य केले पाहिजे. त्याचे एक कारण शेपर यांनी १९८८ मध्येच दाखवले होते: ‘न पिणारे’ या गटात आजारपणामुळे सोडून दिलेले लोकही मोजले जातात, त्यामुळे तो गट मुळातच अधिक रोगट दिसतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. २००६ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी बाजारहाटाच्या सुमारे ३५ लाख पावत्या तपासल्या. वाइन घेणाऱ्यांच्या टोपलीत फळे, भाज्या, ऑलिव्ह आणि कमी चरबीचे चीज अधिक होते. बिअर घेणाऱ्यांच्या टोपलीत सॉसेज, चिप्स आणि तयार खाद्यपदार्थ. थोडक्यात, जो वाइन पितो तो बहुधा चांगले जेवतो, आणि त्याच्या आरोग्याचे जे श्रेय ताटाचे असते ते पेल्याच्या नावावर मांडले जाते.

आपल्या लोकांपुरते पाहिले तर हा दिलासाही उरत नाही. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचा दक्षिण आशियाविषयीचा भाग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. माफक मद्यपानाचा जो संरक्षक परिणाम इतरत्र दिसला होता, तो दक्षिण आशियाई लोकांत आढळला नाही. कर्करोगाच्या बाबतीत संदिग्धता नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्ययुक्त पेयांना मानवातील निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. अगदी अल्प मात्रेच्या हृदयावरील परिणामाविषयी संशोधकांत अजून मतभेद आहेत, हे खरे. पण ज्या द्रव्याच्या उपयोगाविषयी वाद आहे आणि अपायाविषयी नाही, ते आपण इतर कोणत्या प्रसंगी चिठ्ठीवर लिहून देतो?

ताटाचे महत्त्व सांगणारी एक जुनी गोष्ट मार्झेमिनोच्याच मुलखातील आहे. उत्तर इटलीतील शेतकरी दोन-तीन शतके मक्याच्या पिठाच्या उकडीवर, म्हणजे पोलेन्तावर जगत आले. आज पर्यटक तीच उकड मशरूम आणि चीज घालून वाइनसोबत खातात. गरिबांच्या ताटात मात्र उकडीखेरीज फारसे काही नसे आणि त्यांना एक भयंकर रोग होई: त्वचा काळी पडून सोलून निघे, जुलाब लागत, अखेर बुद्धिभ्रंश होई. मिलानच्या फ्रापोल्ली या वैद्याने १७७१ मध्ये त्याचे ‘पेलाग्रा’ हे नाव ग्रंथात नोंदवले. हा रोग नियासिनच्या अभावाचा, हे विसाव्या शतकात कळले. आपल्याकडे हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्यांतील पेलाग्राचा संबंध ज्वारीतील ल्यूसिनशी जोडला, त्यामुळे आपल्या पिढीच्या डॉक्टरांना हा रोग अपरिचित नाही. द्राक्षमळे ज्या प्रदेशाच्या उतारांवर पसरले होते, त्याच प्रदेशात माणसे पेलाग्राने वेडी होऊन मरत होती. वाइन त्यांना वाचवू शकली नाही. ताटात डाळ, दूध, मांस, भाजी आली तेव्हा रोग गेला.

हे सारे सांगण्याची निकड मला एका कुटुंबामुळे वाटली. एक सेवानिवृत्त गृहस्थ, हृदयावर शस्त्रक्रिया झालेले. कोणा डॉक्टरांनी त्यांना ‘रात्री थोडी रेड वाइन घेत चला’ असे सहज म्हटले. ते घेऊ लागले. काही महिन्यांनी वाइन महाग पडते आणि दर वेळी मिळत नाही, म्हणून तिची जागा व्हिस्कीने घेतली. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्याच. एका रात्री जेवणाआधी घेतली, जेवण लांबले आणि साखर इतकी खाली गेली की त्यांना बेशुद्धावस्थेत आणावे लागले. त्यांच्या पत्नीने मला एवढेच सांगितले, “औषध म्हणून सुरू झालं, म्हणून आम्ही कोणी अडवलं नाही.” या वाक्यात सर्व काही आले. घरातील बायकोला, सुनेला, मुलाला जो अडवण्याचा अधिकार असतो, तो डॉक्टरच्या एका शब्दाने काढून घेतला जातो. शेजाऱ्याने तोच सल्ला दिला असता तर त्या माउलीने तो उंबऱ्याबाहेर ठेवला असता.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य पुष्कळ ऐकू आले. द्राक्ष बागायतदारांच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी. पण त्या वाक्याचा हिशेब आपण डॉक्टरांनी तरी मांडायला हवा. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या १२० मिलिलिटरमध्ये सुमारे १२ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १०. वाइनच्या पूर्ण बाटलीत तो ७४ ग्रॅमच्या आसपास भरतो. यकृताला द्राक्षाचे आणि धान्याचे मद्य वेगळे ओळखता येत नाही.

आपली परंपराही याविषयी भाबडी नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर संपूर्ण अध्याय आहे. विधिपूर्वक, मात्रेने, अन्नासह घेतलेले मद्य आणि अविधीने घेतलेले मद्य यांत तेथे काटेकोर भेद केला आहे आणि दुसऱ्याला विषासमान मानले आहे. द्राक्षासवाची मात्रा चमच्यांत मोजतात, हेही ‘आयुर्वेदातही वाइन आहेच की’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तेव्हा व्यवसायबंधू आणि भगिनींपुढे माझ्या काही सूचना आहेत. पहिली, कोणत्याही रुग्णाला कोणतेही मद्य हृदयासाठी, झोपेसाठी वा भुकेसाठी सुचवू नये. दुसरी, ‘तुम्ही घेत नाही ना?’ असा प्रश्न विचारू नये. या प्रश्नाला खोटेच उत्तर मिळते. ‘आठवड्यातून किती दिवस, किती आणि जेवणाआधी की जेवताना?’ असे सरळ विचारावे आणि उत्तर ऐकताना भुवई वर जाऊ देऊ नये. ज्याला आपण नीतीच्या तराजूत तोलतो तो रुग्ण यकृताची सूज येईपर्यंत आपल्याला काही सांगत नाही. तिसरी, जो घेतोच त्याला ग्रॅमचा हिशेब समजावून द्यावा आणि त्याच्या गोळ्यांशी मद्याचे काय होते ते स्पष्ट सांगावे.

चौथी सूचना आपल्याच मंडळींसाठी आहे. वैद्यकीय परिषदांनंतरच्या भोजनसमारंभांत पेला हातात नसलेला तरुण डॉक्टर आज अवघडून उभा असतो. ‘अरे, डॉक्टर असून घाबरतोस?’ हे त्याला ज्येष्ठांकडून ऐकावे लागते. आग्रह ही आपल्या मराठी पंक्तीची शोभा आहे. पुरणपोळीचा आग्रह व्हावा, मांड्यांचा व्हावा, तुपाच्या धारेचा व्हावा. पेल्याचा आग्रह मात्र आपल्या संस्थेच्या कार्यक्रमातून कायमचा काढून टाकावा. ज्याला चव म्हणून, जेवणासोबत, समजून-उमजून घोटभर घ्यायची असेल त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मी स्वतः ती घेतली आहे आणि वर तिचे वर्णनही केले आहे. जे घेत नाहीत त्यांना मी चव घेण्याचे निमंत्रणही देत नाही. त्यांचे काही अडलेले नाही.

सर टॉमस रो ज्या १६१५ साली बाटल्यांची पेटी घेऊन आला, त्याच सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत येथे कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून बोगद्यांनी आणि कुंड्यांच्या ओळीने शहरापर्यंत आणणारी ही योजना आजही जगभरचे अभ्यासक पाहायला येतात. राजपुत्रांचे मद्य त्यांच्याबरोबर संपले आणि ते पाणी शतकानुशतके शहराला पाजत राहिले. पुढच्या वेळी रुग्णाने दाराशी थबकून तो प्रश्न विचारला, तर त्याला पुन्हा आत बोलावून बसवावे आणि आधी विचारावे, “तुमच्या ताटात रोज काय असते, ते सांगा बरे.” हृदयाची बरीचशी चिकित्सा त्या उत्तरापासून सुरू होते.